नोराची पावले

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’संबंधी मराठीत मी जे काही वाचले, त्यात नोरा पुष्कळदा भेटली, बेटी हेनिंग्ज मात्र कधी भेटली नाही. वास्तविक २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात नवऱ्याच्या घराचे दार आपल्यामागे लावून घेऊन जी स्त्री प्रथम बाहेर पडली, ती बेटी हेनिंग्ज होती. नाटक पुस्तकरूपाने त्याआधी जेमतेम अडीच आठवडे प्रसिद्ध झाले होते, आणि ८,००० प्रतींची पहिली आवृत्ती महिनाभरात संपली. म्हणजे त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी अनेकांना शेवट ठाऊक असला पाहिजे. नोरा जाते हे त्यांनी वाचले होते; ती कशी जाते, हे पाहायला ते आले होते. संहिता आणि प्रयोग ह्यांच्यातले अंतर ह्याहून नेमके दाखवणारा प्रसंग मला दुसरा सुचत नाही.

बेटी हेनिंग्ज मुळात नर्तकी. रॉयल थिएटरच्याच बॅले-शाळेत, ऑगुस्त बूर्नोनव्हीलच्या कडक शिस्तीत ती तयार झाली आणि तरुणपणीच नर्तकी म्हणून नावारूपाला आली. १८७० मध्ये तिने मोलियेरच्या ‘स्कूल फॉर वाइव्ज’मधील आन्येसची भूमिका केली आणि ती नृत्याकडून गद्य नाट्याकडे वळली. आन्येस म्हणजे जगापासून दूर, अजाण ठेवून वाढवलेली मुलगी. पुरुषाने आपल्या सोयीसाठी घडवलेली बायको. तिच्यापासून नोरापर्यंतची वाट एका नर्तकीने नऊ वर्षांत चालून काढली, ह्या गोष्टीला वाङ्मयेतिहासात काही स्थान असावे असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण इब्सेनच्या नाटकाचा कणा मानली गेलेली दोन दृश्ये पावलांची आहेत. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस नोरा तारांतेला नाचते. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस ती चालत निघून जाते. आपली समीक्षा दुसऱ्या दृश्यावर अखंड बोलत आली आहे. पहिल्याकडे तिने एक रंजक प्रसंग म्हणून पाहिले आणि ती पुढे गेली.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, घाटकोपर-मुलुंडच्या टापूत, मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना नाटक शिकवले. पाश्चात्त्य नाटक आणि त्याची मराठी रूपांतरे असा तो अभ्यासघटक. तो काळ आपल्याकडे सिद्धांतांच्या आगमनाचा होता. संरचनावाद, वाचककेंद्री समीक्षा, विरचना हे शब्द परिसंवादांतून वर्गात आणि वर्गातून प्रश्नपत्रिकेत उतरत होते. बार्थच्या निबंधाने लेखक मेल्याचे जाहीर केले होते आणि वाचकाच्या जन्माचे बारसे आम्ही उत्साहाने करीत होतो. त्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत नटीचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, हे मात्र कुणी सांगत नव्हते. ती लेखक नाही. ती वाचक आहे. पण असे वाचन करणारी, की जिच्या वाचनावाचून इतर हजारोंचे वाचन संभवत नाही. प्रयोगविज्ञान, चिन्हमीमांसा ह्या शाखांनी पुढे ह्या प्रश्नाकडे लक्ष दिले हे खरे. तरी तेथेही ‘देह’ हा शब्द इतका सर्वसामान्य होऊन बसतो, की कोणाचा देह, कोठे घडलेला, कोणत्या तालमीतून आलेला, हे विचारणे मागे पडते.

हे विचारायला मला एका विद्यार्थिनीने लावले. दिवसभर कचेरीत काम करून संध्याकाळच्या तासाला येणाऱ्या मुलींपैकी ती एक. लहानपणापासून कथ्थक शिकलेली. तारांतेलाचे दृश्य आम्ही वर्गात वाचत होतो. पेटीत हेल्मरसाठी आलेले पत्र पडलेले आहे. ते त्याने उघडू नये म्हणून नोरा उद्याच्या समारंभातल्या नाचाची तालीम काढते. रँक पियानोला बसतो, हेल्मर सूचना देतो, आणि ती त्याच्या सूचना झुगारून अधिकाधिक बेभान नाचत जाते; केस सुटतात, तिला भान राहत नाही. शिकवलेले सारे ही विसरली, अशी हेल्मरची तक्रार. वाचन चालू असताना ती मुलगी म्हणाली, “मॅडम, हे बसून वाचण्यासारखं नाही. इथं तिला धाप लागलेली असणार.” मग तिने चपला बाकाखाली सारल्या, दोन बाके मागे ढकलायला लावली आणि तिला येत होते ते करून दाखवले. तारांतेला तिला कोठून येणार? तिने चक्करे घेतली. प्रथम मात्रेला चोख, मग हळूहळू मात्रा ओलांडून, मग सम जणू सापडतच नाही अशी. थांबल्यावर भिंतीला टेकून म्हणाली, “चुकवायचं असेल तर आधी ताल पक्का लागतो, मॅडम. न शिकलेल्या बाईला हा नाच नाचता येणार नाही.”

ह्या एका वाक्याने बेटी हेनिंग्ज मला पहिल्यांदा कळली. हेल्मरने शिकवलेले नोरा विसरते आहे, असे प्रेक्षकाला दिसायचे असेल, तर शिकलेले म्हणजे काय ते नटीच्या अंगात असले पाहिजे. बूर्नोनव्हीलची परंपरा ही हलकेपणाची, श्रम लपवण्याची परंपरा. उडीचा भार पायांनी सोसायचा आणि चेहऱ्यावर आनंद ठेवायचा. ‘बाहुलीघरा’तल्या गृहिणीचे जिणे ह्याहून वेगळे काय असते? चोरून मॅकरून खाणारी, रात्री जागून नकलेची कामे करून पैसे मिळवणारी आणि सकाळी नवऱ्यापुढे चंडोल होणारी ही बाई अंगावरचा भार लपवण्यात पारंगत आहे. म्हणून तो नाच उधळणे हा घर सोडण्याचा पहिला अंक आहे, असे मी तेव्हापासून शिकवीत आले. एलिझाबेथ रॉबिन्ससारखी मर्मज्ञ इब्सेन-अभिनेत्री १९२८ मध्ये, ‘इब्सेन अँड द अ‍ॅक्ट्रेस’ ह्या आपल्या लहानशा पुस्तकात, तारांतेला ही इब्सेनने जुन्या टाळ्याखाऊ रंगभूमीला दिलेली एकमेव सवलत मानते. तिच्याविषयी पूर्ण आदर राखून मला तिचे म्हणणे पटत नाही. ती नर्तकी नव्हती.

नटीचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो ह्याचे दुसरे, उलटे उदाहरण जर्मनीतले आहे. १८८० च्या आरंभी हेड्विग नीमान-राबे ह्या लोकप्रिय अभिनेत्रीने नोराचे काम पत्करले, पण शेवट करायला नकार दिला. आपण आपली मुले कधीच टाकून जाणार नाही, असे तिचे म्हणणे. जर्मनीत इब्सेनच्या नाटकांना त्या काळी कायद्याचे संरक्षण नव्हते. दुसऱ्या कुणीतरी मोडतोड करण्यापेक्षा आपण केलेली बरी, असा विचार करून त्याने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, ती तिथे खाली कोसळते आणि पडदा पडतो. इब्सेनने ह्या बदलाला जाहीरपणे रानटी अत्याचार म्हटले. ही हकीकत आपल्याकडे सांगितली जाते ती लेखकाच्या छळाची कथा म्हणून, आणि नीमान-राबे तिच्यात खलनायिका असते. तिचा निर्णय मलाही मान्य नाही. परंतु ‘मी जाणार नाही’ असे म्हणताना तिने नोरा आणि स्वतः ह्यांत फरक केला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे शंभर वर्षे मध्यमवर्गीय स्त्रीपुढे हाच प्रश्न उभा राहिला: मुले? आमच्या वर्गातही, सैद्धांतिक चर्चा कितीही उंच गेली तरी, विवाहित विद्यार्थिनींपैकी कुणीतरी हाच प्रश्न विचारीत असे, आणि तो विचारणारीला मागास ठरवण्याची मला कधी इच्छा झाली नाही.

लंडनला नोरा पोहोचली ती जॅनेट अचर्चच्या पायांनी, जून १८८९ मध्ये, नॉव्हेल्टी थिएटरात. तिने आणि तिचा नवरा चार्ल्स चॅरिंग्टन ह्याने त्या प्रयोगासाठी आपल्या पुढच्या ऑस्ट्रेलिया-दौऱ्याच्या मानधनाची उचल घेऊन पैसा उभा केला. नोरा नवऱ्याच्या उपचारासाठी कर्ज काढते; अचर्चने नोरासाठी काढले. त्या दौऱ्यातून ही जोडी पुढे भारतातही येऊन गेली. इटलीत १८९१ मध्ये एलेओनोरा दूझेने मिलानला नोरा उभी केली. चेहऱ्याला रंग न लावता काम करणारी ही अभिनेत्री रंगमंचावर खरोखर लाजून लाल होते, असे शॉने १८९५ मध्ये लिहिले, ते मात्र तिच्या नोराबद्दल नव्हे, माग्दाबद्दल. त्या जूनमध्ये लंडनमध्ये सारा बर्नहार्ट आणि दूझे दोघीही झूडरमानच्या ‘हाइमाट’मधील माग्दा करीत होत्या, आणि शॉची ती सुप्रसिद्ध तुलना दूझेच्या पदरात माप टाकते. मला येथे तुलनेत रस नाही, माग्दात आहे. बापाच्या धाकाला नकार देऊन घर सोडलेली ही मुलगी बऱ्याच वर्षांनी गावी परतते, ती नामवंत गायिका होऊन. ‘नोरा घर सोडून गेली कोठे?’ ह्या प्रश्नाला युरोपच्या रंगभूमीने दिलेले एक उत्तर असे, की ती रंगभूमीवरच गेली. उत्तर सोयीचे आहे. बाहेर पडलेल्या स्त्रीला दुसरे कोणते काम मिळाले असते हे सांगायला त्यामुळे नाटककार मोकळा राहत नाही. पण त्यात एक कबुलीही आहे. हे सारे प्रश्न रंगमंचावर ज्या स्त्रिया मांडीत होत्या, त्या स्वतः घराबाहेर पडून, कमावून, दौरे करून जगत होत्या.

आता मराठीकडे यायचे, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. नॉर्वेचे नाटक मराठीत रुजवण्याचा गंभीर यत्न सुरू झाला, तेव्हा मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी की नाही, हाच वाद पुरता मिटलेला नव्हता. बालगंधर्वांचा लोभ प्रेक्षकांच्या मनातून गेला नव्हता. अशा वेळी, १ जुलै १९३३ रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ने मुंबईच्या रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. श्री. वि. वर्तकांचे हे नाटक ब्यर्नसनच्या ‘अ गाँटलेट’वर आधारलेले, दिग्दर्शन के. नारायण काळे ह्यांचे, संगीत केशवराव भोळे ह्यांचे. त्यात पद्मावती वर्तक आणि ज्योत्स्ना भोळे ह्यांनी कामे केली. ज्योत्स्नाबाईंची बिंबा तेव्हापासून आठवणींच्या लेखांतून येत राहिली आहे. नाट्येतिहासकार ह्या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणून बंदिस्त नेपथ्य, स्वगतांना फाटा, पदांची काटछाट ह्यांची यादी देतात, आणि तिच्यात ‘स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या’ असे एक कलम घालतात. मला हे कलम यादीत बसणारे वाटत नाही. बाकीची सारी कलमे त्याच्यावर उभी आहेत. पुरुषाच्या पूर्वचारित्र्याचा हिशेब मागणारी वाग्दत्त वधू हा त्या नाटकाचा विषय. तो हिशेब स्त्रीवेशातल्या पुरुषाने मागितला असता, तर त्यातले वास्तव कोठे उरले असते?

‘डॉल्स हाउस’ अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ ह्या नावाने मराठीत आणले. पण मराठी प्रेक्षकाच्या मनात जी नोरा खरोखर शिरली, ती रूपांतरातून आली नाही. ती आली १९४२ मध्ये, मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तून. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’चे हे नाटक इब्सेनच्या नाटकाचे ऋण वागवते हे समीक्षकांनी वेळोवेळी सांगितले आहे, मात्र त्यांनी केलेल्या सर्वांत मोठ्या बदलाचा विचार पुरेसा झाला आहे, असे मला वाटत नाही. रांगणेकरांची भानुमती सिनेनटी आहे. नोराची कमाई लपलेली होती. भानुमतीची पडद्यावर झळकणारी. नवऱ्याचा अहंकार जिच्यामुळे दुखावतो ती गोष्ट म्हणजे बायकोचे काम आणि त्या कामाला मिळणारी कीर्ती. माग्दाकडे युरोपात जे घर सोडल्यानंतर आले, ते भानुमतीकडे घर सोडण्याआधीच आहे, आणि तेच घर सोडण्याचे कारण होते. रांगणेकर स्वतः पत्रकार, शहरी मध्यमवर्गाची नाडी जाणणारे. स्त्रीने घराबाहेर काम करावे का, असा निबंध त्यांनी लिहिला असता तर तो दोन दिवसांत विसरला गेला असता. त्यांनी नायिकेला असा व्यवसाय दिला, की ती भूमिका करणारी प्रत्येक अभिनेत्री आपल्याच जिण्याबद्दल बोलू लागेल.

आणि ती भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. त्या मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या, माहेरच्या दुर्गा केळेकर. जन्म १९१४ चा. ज्या गोमंतकीय परंपरेने मराठी रंगभूमीला आणि हिंदुस्थानी संगीताला कितीतरी गायिका दिल्या, त्याच परंपरेतून त्या आल्या होत्या. केशवराव भोळ्यांशी विवाह होऊन त्या पुढे संसारी गृहिणी, गायिका आणि नटी अशा तिन्ही नात्यांनी वावरल्या. आपल्या नाट्येतिहासात ‘कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या’ हे वाक्य एखाद्या विजयवार्तेसारखे लिहिले जाते. त्या वाक्यात कोणाला आत घेतले आहे आणि कोणाला बाहेर ठेवले आहे, हे एकदा नीट पाहायला हवे. स्त्रिया त्याआधी गात होत्याच, नाचत होत्याच, स्वतःची मंडळे काढून नाटकेही करीत होत्या. त्यांना ‘कुलीन’ म्हटले जात नव्हते इतकेच. म्हणून ज्योत्स्नाबाई ‘कुलवधू’ ह्या शीर्षकाखाली उभ्या राहतात, तेव्हा त्या शब्दाला एक बारीक भेग पडलेली मला दिसते. कुळ कोणाचे आणि वधू कोणाची? नाटक तो प्रश्न विचारीत नाही. भानुमती घर सोडते, पण शीर्षकाने ती उपाधी तिच्या अंगावरून उतरू दिलेली नाही. नोराने अंगठी काढून परत केली होती. रांगणेकरांनी प्रेक्षकाशी केलेली ही तडजोड आहे, आणि १९४२ च्या प्रेक्षकाशी ती केली नसती तर नाटक चालले नसते हेही उघड आहे. परंतु जी नटी ती उपाधी मिरवते, तिच्यामुळे उपाधीचा अर्थ पातळ होतो. संहितेने राखलेले प्रयोगाने थोडे सैल केले, असे मी म्हणेन.

ह्या मराठी नोराला तारांतेला मात्र नाही. तिला गाणे आहे. ‘कुलवधू’ची पदे रांगणेकरांचीच, चाली मास्तर कृष्णरावांच्या, ‘बोला अमृत बोला’ हे ज्योत्स्नाबाईंचे पद आजही ऐकले जाते. नाचाच्या जागी गाणे येणे हा केवळ मराठी प्रेक्षकाच्या संगीतवेडाचा परिणाम मानला जातो. माझ्या मते त्यामागे अधिक कठोर कारण आहे. त्या पिढीपर्यंत गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम बरेच पुढे गेले होते: संगीत विद्यालये निघाली होती, हिराबाई बडोदेकर मैफलीत बसून गात होत्या, रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका ह्यांनी गायिकेचा आवाज तिच्या देहापासून सोडवून मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणला होता. नाचाला हे सुटणे शक्य नव्हते. नाच म्हणजे देह. आणि देह म्हणजे तमाशा, कोठी, देवळाचा मंडप. मुंबई इलाख्यातला देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, म्हणजे ‘आंधळ्यांची शाळा’नंतरच्याच वर्षातला. एकीकडे ज्यांच्या घराण्यांत नाच होता त्यांना तो सोडून प्रतिष्ठित व्हायचे होते, दुसरीकडे प्रतिष्ठित घरातल्या मुलींना तो शिकण्यासाठी परदेशाची साक्ष लागत होती. अ‍ॅना पाव्हलोव्हा १९२२ मध्ये हिंदुस्थानात आली, नंतर दशकाच्या अखेरीस पुन्हा आली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या सोखींच्या पत्नी लीला, म्हणजेच मादाम मेनका, ह्यांनी कथ्थकचा ध्यास घेतला त्यात पाव्हलोव्हाच्या उत्तेजनाचा वाटा होता. लखनौच्या गुरूंचा नाच मुंबईच्या उच्चभ्रू सभागृहात येण्यासाठी पीटर्सबर्गच्या नर्तकीची शिफारस लागावी, ह्यात आपल्या प्रबोधनाची सारी गंमत आणि सारे दुखणे आहे. मेनकाबाईंनी पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. पण गद्य सामाजिक नाटकाच्या दिवाणखान्यात नाच शिरला नाही. १९४२ ची भानुमती गाऊ शकत होती. तिने केस सोडून, धाप लागेपर्यंत नाचावे आणि तरीही ‘कुलवधू’ राहावे, हे शक्य नव्हते.

ह्याची किंमत काय, ते मला १९९० च्या सुमारास एका वृद्ध शेजारीणबाईंच्या बोलण्यातून उमगले. मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्या राहत. तरुणपणी गिरगावात असताना त्यांनी ‘कुलवधू’ पाहिले होते. मी शेवटाबद्दल विचारले तेव्हा त्या हसल्या. “अगं, शेवट कुठला आठवायला! गाणी आठवतात ना. आमच्या ह्यांनी तबकडी आणली होती. घरात कुणी नसलं की मी लावायची आणि म्हणायची.” भानुमती घर सोडून गेली हे त्यांना पुसट आठवत होते; ती कोणावर रागावली होती हे आठवत नव्हते. मी थोडी नाराज झाले. मग मनात आले, घरात कुणी नसताना म्हणायची, असे त्या म्हणाल्या. नोराचे मॅकरूनही घरात कुणी पाहत नसतानाचे असतात. गाण्याने बंड पुसले, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे, आणि कडक स्त्रीवादी वाचन तो काढील. पण त्या बाईंच्या एकान्तात भानुमतीचा आवाज जेवढा खोल गेला, तेवढी संहिता कधीच गेली नसती. गेला तो आवाज. पाऊल मागेच राहिले, एवढे मात्र खरे. ध्वनिमुद्रिकेवर पावले उमटत नाहीत.

मग मराठी नोरा गेली कोठे? तिने टाकलेले पाऊल कोठे उमटले? ह्याचे उत्तर मला माझ्याच उपनगरी भूगोलात मिळाले, हे जरासे अनपेक्षित आहे. ‘बॉम्बे टॉकीज’ १९३४ मध्ये मालाडला उभी राहिली. १९४३ मध्ये गोरेगावला ‘फिल्मिस्तान’ निघाली. अंधेरीच्या आसपास स्टुडिओंची रांग होती. भानुमती खरी असती, तर तिचे रोजचे कामाचे ठिकाण ह्याच पट्ट्यात असते. आणि भानुमतीसारख्या खऱ्या स्त्रिया तेथे होत्या. लीला चिटणीस ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगमंचावरून आलेल्या, पदवीधर, पतीपासून वेगळ्या झालेल्या, मुलांची जबाबदारी अंगावर. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०), ‘झूला’ (१९४१) हे त्यांचे चित्रपट बॉम्बे टॉकीजचे. म्हणजे ‘कुलवधू’ रंगमंचावर येण्याआधीच, इब्सेनच्या छायेतल्या मराठी नाटकातून बाहेर पडून एक स्त्री मालाडला जाऊन कमावत होती. १९८१ मध्ये त्यांचे ‘चंदेरी दुनियेत’ प्रसिद्ध झाले. आपण ते सिनेमाच्या आठवणींच्या कपाटात ठेवले. माझ्या मते ते ‘डॉल्स हाउस’च्या मराठी स्वीकाराच्या इतिहासातले पुस्तक आहे.

त्याच्या शेजारी हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) ठेवावे लागेल. हंसाबाईही बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’मध्ये (१९३९) होत्या. त्यांचे सांगणे अरुण साधूंनी शब्दांकित केले, आणि १९७७ मध्ये त्यावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला. ह्या पुस्तकातली बाई घर एकदा सोडत नाही. पुन्हा पुन्हा सोडते आणि पुन्हा पुन्हा तिला कुठल्यातरी घरात परतावे लागते. दार लावण्याचा तो एकच, युरोपभर गाजलेला आवाज येथे नाही. दार आहे, पण ते हेलकावे खाणारे आहे. कमाई तिची, व्यवहार दुसऱ्याच्या हातात. कीर्ती तिची, मुलगी मात्र हातातून सुटत जाणारी. नीमान-राबेच्या नकारामुळे इब्सेनने नाइलाजाने लिहिलेला तो पर्यायी शेवट, मुलांच्या दाराशी कोसळणाऱ्या आईचा, आपण रानटी म्हणून टाकून दिला. ‘सांगत्ये ऐका’ वाचताना त्याच्यामागचे भय खोटे नव्हते एवढे तरी मान्य करावे लागते. आणि ह्या बाईला नाचता येत होते. १९५९ च्या ज्या चित्रपटाचे नाव तिच्या आत्मकथनाला मिळाले, तो तमाशापट होता. ‘कुलवधू’ला जे वर्ज्य होते ते येथे फडावर उघड चालते, कारण येथे कुलवधू असण्याचा दावाच नाही.

माझ्या विद्यार्थिनींपैकी जिने चक्करे घेऊन दाखवली, तिने पुढे ‘सांगत्ये ऐका’वरच प्रबंधिका लिहिली. तिचा विषय आत्मकथनातली निवेदनपद्धती असा औपचारिक होता, आणि मार्गदर्शक म्हणून मीच तो तसा ठेवायला सांगितला होता. पण एका प्रकरणात तिने सिद्धांत बाजूला सारून हंसाबाईंच्या सांगण्यातली क्रियापदे मोजली होती: किती ठिकाणी ‘मी गेले’ आहे, किती ठिकाणी ‘मला नेले’, किती ठिकाणी ‘मला यावे लागले’. बाह्य परीक्षकांनी ह्या प्रकरणाला पद्धतीचा आधार काय, असे विचारले. ती म्हणाली, की नर्तकीचे पाऊल कोणत्या पायाने पडते आणि भार कोणत्या पायावर असतो ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिला भार कोठे आहे ते पाहायचे होते. परीक्षकांनी ते टिपून घेतले. मौखिक परीक्षा आटोपून ती संध्याकाळच्या गाडीने घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कचेरी होती.